यंत्राचे आच्छादन आणि माणसाचा हात



औसा म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम येथील भुईकोट किल्ला आठवतो. सपाट भूमीवरील या किल्ल्याला डोंगराचा आधार नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी भोवती खंदक खणला आणि तटबंदीही दुहेरी केली. एक तट ढासळला तरी दुसरा उभा राहावा, हा त्यामागील विचार होता. ज्या ठिकाणी निसर्गाचे संरक्षण नाही, तेथे माणसाने ते विचारपूर्वक निर्माण करावयाचे असते. आजच्या विषयाचे सूत्रही हेच आहे. येथे रक्षण करावयाचे आहे ते कामगाराच्या हाताचे, आणि भीती आहे ती माणसानेच स्वतःच्या सोयीसाठी आणलेल्या यंत्राची.

१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. औसा तालुका तेव्हापासून या जिल्ह्यात आहे. त्यानंतरच्या काळात येथील शेतीचे रूप पालटले. ज्वारी आणि करडईच्या शिवारात सोयाबीन आले, उसाचे क्षेत्र वाढले. तूर पूर्वीपासूनच होती. लातूरच्या बाजारपेठेच्या आधाराने डाळ गिरण्या आणि तेल गिरण्या वाढल्या. तालुक्यात बेलकुंड आणि किल्लारी येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. लातूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली. खेडोपाडी पिठाची गिरणी, मिरची कांडप, कडबाकुट्टी आणि मळणीयंत्र आता नवलाईचे राहिलेले नाही. बैलाच्या खांद्यावरचे पुष्कळसे ओझे विजेने आणि डिझेलने उचलले, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु बैल आणि यंत्र यांत एक मोठा भेद आहे. मोटेवरच्या किंवा पातीवरच्या बैलाला माणसाची किंकाळी ऐकू येत असे आणि तो थांबत असे. फिरत्या दांड्याला किंकाळी ऐकू येत नाही. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही पट्ट्यात सापडली की यंत्र तिला आपल्याच वेगाने ओढून घेते. तेथे मनुष्यबळाचा उपयोग होत नाही. यंत्राला माणसाची चाहूल लागावी आणि ती लागताच त्याने थांबावे, अशी योजना करणे म्हणजेच यंत्रसुरक्षा. या योजनेत आच्छादन, संवेदक आणि त्यांच्यावर देखरेख करणारा सुरक्षा रिले, असे तीन घटक असतात.

किल्लारीने दिलेला धडा

सुरक्षेचा विचार या तालुक्याला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने जो आघात केला, त्याची आठवण येथील प्रत्येक घरात आहे. त्या दुर्घटनेनंतर तज्ज्ञांनी जे सांगितले ते सर्वांना माहीत आहे. धरणी हादरली हे खरे, परंतु बहुसंख्य माणसे दगावली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळल्यामुळे. पुनर्वसनात घरांची बांधणी बदलण्यात आली, कारण भूकंप टाळता येत नसला तरी घर भूकंपरोधक करता येते.

यंत्राच्या बाबतीत तर परिस्थिती अधिक अनुकूल आहे. भूकंप कोठे आणि केव्हा होईल हे सांगता येत नाही. यंत्रात हात कोठे सापडेल हे मात्र आधीच दिसत असते. पट्टा चाकावर चढतो ती जागा, दोन दातेरी चाके एकमेकांत गुंततात ती जागा, दोन रूळ परस्परांकडे फिरतात ती जागा, पाते खाली येते ती जागा. या जागा ठरलेल्या आहेत. धोका ठाऊक असूनही तो उघडा ठेवणे याला दैव म्हणता येणार नाही.

कायद्याची भूमिका

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत मालकावर टाकली. त्याच्या कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालणे आणि यंत्र चालू असेतो ते जागेवर ठेवणे बंधनकारक होते. कलम २२ ने चालू यंत्राजवळील तपासणीचे काम केवळ खास प्रशिक्षण घेतलेल्या आणि अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ कामगारापुरते मर्यादित केले. कलम २४ ने यंत्राची शक्ती तत्काळ तोडण्याच्या साधनांची तरतूद केली. मळणीयंत्रावरील अपघातांची दखल घेऊन संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र अधिनियम केला. पुढे कारखाने अधिनियमासह अनेक कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता तयार झाली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

या संहितेत कारखान्याची व्याख्या वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी ४० कामगारांपासून सुरू होते. तालुक्यातील कित्येक लहान गिरण्यांत इतकी माणसे नसतात. म्हणून तेथे निरीक्षक येईल आणि दोष दाखवील, अशी वाट पाहून चालणार नाही. पट्ट्याला कामगारांची संख्या कळत नाही. दोन माणसांच्या गिरणीतील पट्टा दोनशे माणसांच्या कारखान्यातील पट्ट्याइतकाच निष्ठुर असतो.

नुसते झाकण पुरत नाही

सर्वांत उत्तम आच्छादन म्हणजे बोल्टांनी पक्के बसविलेली, हत्याराशिवाय न निघणारी जाळी. जेथे ती पुरेशी आहे तेथे विजेची कोणतीही करामत करण्याची आवश्यकता नाही. परंतु काही ठिकाणी झाकण वरचेवर उघडावे लागते. डाळ गिरणीच्या रुळांत कचरा अडकतो, तेल गिरणीच्या घाण्यात पेंड घट्ट होते, पोती वाहणाऱ्या पट्ट्यावर पोते तिरके होते. अशा वेळी झाकण काढले जाते, आणि एकदा काढलेले झाकण पुष्कळदा भिंतीला टेकून ठेवलेले आढळते.

यावर उपाय म्हणून झाकणाला किंवा दाराला स्विच बसविण्याची पद्धत आली. दार उघडले की स्विचमधील संपर्क तुटतो, मोटारीचा कॉन्टॅक्टर सुटतो आणि यंत्र थांबते. ही कल्पना चांगली आहे. परंतु एकच स्विच, एकच तार आणि एकच कॉन्टॅक्टर यांवर विसंबून राहिले तर चार प्रकारे घात होऊ शकतो.

पहिला प्रकार असा की स्विचमधील स्प्रिंग मोडते किंवा आत धूळ बसून संपर्क अडकतो. दार उघडे असूनही स्विच ते बंद असल्याचे सांगत राहतो. दुसरा प्रकार तारेचा. गोदामात आणि गिरणीत उंदरांचा उपद्रव असतो. उंदराने आवरण कुरतडले आणि दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या, की स्विच असून नसल्यासारखा होतो. तिसरा प्रकार कॉन्टॅक्टरचा. मोटार वारंवार सुरू केल्याने त्याचे संपर्क तापतात आणि कधी एकमेकांना चिकटून बसतात. स्विचने आज्ञा दिली तरी वीजप्रवाह तुटत नाही. चौथा प्रकार माणसाचा. काम अडते म्हणून कोणी तरी स्विचच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा जोडून तो ‘डायरेक्ट’ करून ठेवतो.

या चारही प्रकारांत भयंकर गोष्ट ही की यंत्र पूर्वीप्रमाणेच सुरळीत चालत राहते. दोष दिसत नाही. तो दिसतो तेव्हा हात आत गेलेला असतो.

देखरेख करणारा रिले

हा छुपा दोष उघडा पाडणे, हेच सुरक्षा रिलेचे कार्य होय. जर्मनीतील पिल्झ या कंपनीने १९८७ मध्ये असा रिले एका लहान डबीच्या रूपात बाजारात आणला. त्यापूर्वी अनेक रिले एकमेकांना जोडून तेच काम करावे लागे. आज अनेक कंपन्यांचे असे रिले भारतात मिळतात. कंपनी कोणतीही असली तरी त्यामागील तत्त्वे तीन आहेत, आणि ती ग्रामजीवनातील उदाहरणांनी सहज समजतात.

पहिले तत्त्व अखंड प्रवाहाचे. पूर्वी गावात रात्री जागल्या गस्त घालीत असे. त्याची आरोळी ठरावीक वेळाने ऐकू येई, तोवर गाव निश्चिंत झोपे. आरोळी थांबली की माणसे जागी होत. सुरक्षेच्या तारेतही हाच नियम असतो. ‘सर्व ठीक आहे’ हा निरोप म्हणजे तारेतून सतत वाहणारा प्रवाह. दार उघडले, तार तुटली, जोड सैल झाला किंवा वीज गेली, तर निरोप थांबतो आणि यंत्रही थांबते. म्हणून दाराच्या आणि तातडीच्या थांबा-बटनाच्या स्विचमध्ये नेहमी बंद असणारा संपर्क वापरावयाचा असतो. उघडा संपर्क वापरून ‘धोका झाला तर निरोप येईल’ अशी जोडणी केली, तर तार तुटल्यावर निरोप कधीच येत नाही.

दुसरे तत्त्व दोन साक्षींचे. ग्रामपंचायतीच्या धनादेशावर सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची अशा दोन सह्या लागतात. एकाची चूक झाली तर दुसऱ्याने ती थांबवावी, हा त्यातील हेतू. सुरक्षा रिलेकडेही स्विचमधून दोन स्वतंत्र मार्ग येतात. दोन्ही मार्ग जुळले तरच यंत्राला परवानगी मिळते. एक मार्ग तुटला आणि दुसरा जुळलेलाच राहिला, तर रिले यंत्र थांबवितो आणि दोन्ही मार्ग एकत्र उघडून पुन्हा जुळेपर्यंत ते सुरू होऊ देत नाही.

तिसरे तत्त्व स्वतःच्या तपासणीचे. रिलेच्या आतील संपर्क एकाच दांडीला जखडलेले असतात. चालू करणारा संपर्क वितळून चिकटला, तर त्याच दांडीवरील नेहमी बंद असणारा संपर्क मिटू शकत नाही. त्यामुळे रिलेला स्वतःचाच दोष कळतो आणि पुढच्या वेळी तो परवानगी नाकारतो. साध्या रिलेत ही हमी नसते. म्हणून बाजारातील स्वस्त साधा रिले सुरक्षेच्या कामी लावणे योग्य नव्हे.

जोडणी कशी असावी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन निघालेल्या तरुणाला ही जोडणी अवघड नाही. ती कशी असते हे अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनीही ढोबळमानाने समजून घ्यावे, म्हणजे पाहणीच्या वेळी योग्य तो प्रश्न विचारता येईल.

रिलेला बहुधा २४ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. तो ए-१ आणि ए-२ या टोकांना देतात. ही वीज स्वतंत्र पुरवठा-संचातून घ्यावी आणि तिची उणे बाजू जमिनीशी जोडावी. मग एखादी तार यंत्राच्या सांगाड्याला टेकली तर फ्यूज उडतो आणि दोष लपून राहत नाही.

दाराच्या स्विचमधील पहिला बंद संपर्क एका मार्गावर आणि दुसरा बंद संपर्क दुसऱ्या मार्गावर जोडतात. अनेक रिलेंवर या टोकांना एस-११, एस-१२ आणि एस-२१, एस-२२ असे क्रमांक असतात. तथापि प्रत्येक कंपनीची पुस्तिका पाहूनच काम करावे. एका मार्गावर धन आणि दुसऱ्यावर ऋण बाजू ठेवणारा रिले निवडल्यास मोठा लाभ होतो. उंदराने आवरण कुरतडून दोन मार्गांच्या तारा एकमेकींना टेकल्या, तर तेथे थेट आखूड मंडल होते आणि रिले तत्काळ सुटतो. दोन मार्गांच्या तारा शक्यतो वेगवेगळ्या नळीतून न्याव्यात.

स्विचही विचाराने निवडावा. दार उघडताना ज्याचा संपर्क स्प्रिंगच्या भरवशावर नव्हे तर दाराच्याच जोराने ओढून तोडला जातो, असा स्विच घ्यावा. त्यावर वर्तुळातील बाणाची खूण असते. चुंबकावर चालणारा साधा स्विच टाळावा, कारण जुन्या लाउडस्पीकरमधील चुंबकाचा तुकडा चिकटवूनही तो फसविता येतो. केवळ आपल्या जोडीदारालाच ओळखणारे सांकेतिक संवेदक आता उपलब्ध आहेत.

रिलेच्या १३-१४ आणि २३-२४ या संपर्कांवरून दोन कॉन्टॅक्टर चालवावेत आणि मोटारीची वीज त्या दोहोंतून एकामागून एक न्यावी. हीच औशाच्या किल्ल्याची दुहेरी तटबंदी. एक कॉन्टॅक्टर चिकटला तरी दुसरा प्रवाह तोडतो. परंतु एवढ्यावर थांबल्यास पहिल्याचा दोष कळणार नाही, आणि पुढे दुसराही चिकटला तर दोन्ही तट पडतील. यासाठी दोन्ही कॉन्टॅक्टरचे नेहमी बंद असणारे साहाय्यक संपर्क एका साखळीत जोडून ती साखळी पुनःप्रारंभाच्या बटनाच्या मार्गातून रिलेकडे परत आणतात. एकही कॉन्टॅक्टर चिकटलेला असेल तर साखळी अपुरी राहते आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. पुष्कळ ठिकाणी ही परतीची साखळी जोडण्याचा कंटाळा केला जातो आणि त्या टोकांना तारेचा तुकडा लावून काम भागविले जाते. तसे केले की रिलेची अर्धी किंमत वाया गेली असे समजावे.

वीज गेली आणि आली

दार बंद होताच यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. आत वाकून काम करणाऱ्या माणसाच्या मागे दुसऱ्याने दार लोटले तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. म्हणून पुनःप्रारंभाचे बटन वेगळे असावे. ते धोक्याच्या क्षेत्राबाहेर असावे, तेथून संपूर्ण क्षेत्र दिसावे आणि आतून त्यापर्यंत हात पोहोचू नये. बटन दाबून सोडल्यावरच परवानगी देणारा रिले अधिक चांगला. बटन काडी खोचून दाबून ठेवले तर तो दाद देत नाही.

मराठवाड्यात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. भारनियमनाच्या आणि रात्रीच्या विजेच्या त्रासामुळे शेतकऱ्यांनी कृषिपंपांना ‘ऑटो स्विच’ बसविले. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. सर्व पंप एकदम सुरू झाल्याने रोहित्रे जळतात, म्हणून हे स्विच काढावेत असे आवाहन महावितरण करीत आले आहे. विहिरीवर जी सवय रोहित्राला घातक, ती गिरणीत माणसाला घातक ठरते. वीज गेली म्हणून कामगार अडकलेला माल काढू लागतो आणि त्याच क्षणी वीज येते. सुरक्षा रिलेची जोडणी योग्य असेल तर वीज आल्यावर यंत्र स्वस्थ राहते आणि माणसाच्या आज्ञेची वाट पाहते.

तातडीच्या थांबा-बटनालाही दोन मार्ग असावेत. ते लाल छत्रीचे आणि पिवळ्या पार्श्वभूमीचे असावे. ते मोकळे केल्याने यंत्र सुरू होऊ नये. मात्र हे बटन म्हणजे आच्छादनाला पर्याय नव्हे. हात अडकलेल्या माणसाचा दुसरा हात त्या बटनापर्यंत पोहोचेलच, असे नाही.

थांबण्यास लागणारा वेळ

वीज तोडली म्हणजे यंत्र थांबले, असा सर्वसाधारण समज आहे. जड चाक किंवा ढोल वीज गेल्यानंतरही आपल्या वेगाने फिरत राहतो. अशा यंत्राचे दार नुसते स्विचचे न ठेवता कुलपाच्या स्विचचे ठेवावे. फिरणे पूर्ण थांबल्याचे कळल्यावर किंवा ठरावीक वेळ गेल्यावरच ते उघडावे.

दाराऐवजी प्रकाशकिरणांचा पडदा वापरला, तर अंतराचा हिशेब करावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकांत हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरला आहे. किरण तुटल्यापासून यंत्र थांबेपर्यंत ०.१५ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ३० सेंटिमीटर पुढे जातो. पडद्याची सूक्ष्मता ३० मिलिमीटर असेल, तर बोटे किरणांना न तोडता काही अंतर आत जातात, म्हणून आणखी सुमारे १३ सेंटिमीटर मिळवावे लागतात. म्हणजे पडदा पात्यापासून किमान ४३ सेंटिमीटर दूर हवा. तो २० सेंटिमीटरवर बसविला तर तो दिसायला असतो, वाचवायला नसतो. हा हिशेब माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही करू शकेल, आणि त्यांच्याकडून तो करवून घ्यावा.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. खर्च वाचविण्यासाठी अनेक दारांचे स्विच एका रिलेवर साखळीने जोडतात. समजा, पहिल्या दाराच्या स्विचमधील एक संपर्क अडकला. ते दार उघडताच एकच मार्ग तुटतो, रिले यंत्र थांबवितो आणि दोष ओळखून अडून बसतो. यंत्र सुरू होईना म्हणून कामगार दुसरे दार उघडून लावतो. त्या दाराचे दोन्ही मार्ग नीट उघडतात आणि मिटतात. रिलेचे समाधान होते आणि पहिल्या दाराचा दोष झाकला जातो. म्हणून वरचेवर उघडणाऱ्या दारांना स्वतंत्र रिले द्यावा, आणि रिले अडला की त्याला फसविण्यापूर्वी कारण शोधावे. अडलेला रिले बिघडलेला नसतो. बहुधा तो आपले कर्तव्य करीत असतो.

दुरुस्तीसाठी आत शिरताना मात्र रिलेवरही विसंबू नये. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी आणि ‘आत माणूस काम करीत आहे’ अशी मराठी पाटी लावावी.

हडंबा आणि शेतकरी

शेतकरी ज्याला हडंबा म्हणतात ते मळणीयंत्र बहुधा ट्रॅक्टरवर चालते. तेथे विजेचा रिले नसतो; तत्त्व मात्र तेच. हात ढोलापर्यंत पोहोचणारच नाही, अशी पेंढी घालण्याची वाट हवी. भारतीय मानकाप्रमाणे ही पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. ट्रॅक्टरपासून यंत्राकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर आवरण असावे. सोयाबीनच्या हंगामात पावसाच्या भीतीने मळणी रात्री चालते, माणसे थकलेली असतात आणि उजेड अपुरा असतो. नेमक्या त्याच वेळी पन्हळीचे झाकण ‘माल लवकर जात नाही’ म्हणून काढलेले असते.

किंमत कोणती मोजावी

सुरक्षा रिलेला काही हजार रुपये लागतात. लहान गिरणीवाल्याला ते जड वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्यासमोर दुसराही हिशेब ठेवावा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के आणि पंजा गेल्यास ६० टक्के कमी झाली, असे कोष्टक होते. परंतु ज्याचे सारे जीवन हातावरच अवलंबून आहे, त्या शेतमजुराचा उजवा पंजा गेला तर त्याच्या घरी उरलेले ४० टक्के कोणते, हे कोष्टक सांगत नाही. शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये, असे तिचे स्वरूप आहे. हे साहाय्य मोलाचे आहे आणि गावातील गरजूंपर्यंत ते पोहोचलेच पाहिजे. तथापि ते अपघातानंतरचे आहे. अपघातापूर्वीचे साहाय्य म्हणजे जागेवर असलेले झाकण.

प्रत्येकाचा वाटा

अधिकाऱ्यांनी पाहणीला गेल्यावर कागद पाहण्याआधी दार उघडून पाहावे. यंत्र थांबते का? दार लावल्यावर ते आपोआप सुरू होते का? स्विचच्या पेटीत तारेचा तुकडा जोडलेला आहे का? परतीची साखळी जोडलेली आहे का? या चार प्रश्नांना दहा मिनिटेही लागत नाहीत. मालकाने हीच तपासणी ठरावीक दिवशी करून वहीत नोंद ठेवावी.

शिक्षकांनी, विशेषतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी, विद्यार्थ्यांकडून सुरक्षा रिलेची जोडणी करवून घ्यावी आणि मग मुद्दाम एक तार काढून, एक संपर्क अडकवून काय होते ते दाखवावे. यंत्र सुरू करता येणे हे अर्धे शिक्षण आहे. ते योग्य वेळी थांबेल याची हमी देता येणे हे उरलेले अर्धे. शाळांतून ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन घोषणांपुरता न ठेवता गावातील एखाद्या गिरणीची भेट योजावी. १९६६ मध्ये याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली होती.

पंचायत सदस्यांनी हंगामापूर्वी ग्रामसभेत गावातील मळणीयंत्रांचा आणि गिरण्यांचा विषय घ्यावा. कोणत्या यंत्राचे झाकण नाही, हे गावाला ठाऊक असते. केवळ कोणी बोलत नाही. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे उत्तर मिळेल. १९९३ पूर्वी किल्लारीतील भिंतींविषयीही असेच म्हणता आले असते.

येथील माणसाने दुष्काळ सोसला, भूकंप सोसला आणि पुन्हा घर उभे केले. ते उभे केले ते हातांनीच. नव्या यंत्रांच्या युगात त्याची संपत्ती वाढो, ही सर्वांचीच इच्छा आहे. ती वाढत असताना संध्याकाळी गिरणीतून घरी परतणारा प्रत्येक कामगार दहाही बोटांनिशी परतावा, एवढी काळजी घेणे या तालुक्याच्या आवाक्यातील आहे.